जुना लाकूडलेथ घेताना

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीत घरच्या घरी लाकूड कातायला शिकायचे असेल, तर जुन्या लेथच्या रंगरूपाआधी मोटरवरची पाटी वाचावी. कारखान्यातून निघालेल्या यंत्राला बहुधा ४१५ व्होल्टची थ्री फेज मोटर असते. घरात येते ती २३० व्होल्टची सिंगल फेज वीज. मोटर बदलण्याचा खर्च किमतीतच धरावा.

मग वीज बंद ठेवून, पट्टा सैल करून स्पिंडल हाताने फिरवावा. खरखर लागली तर बेअरिंग गेले. ते बदलता येते. ओतीव बेडला तडा असेल तर मात्र सौदा सोडावा! हेडस्टॉक आणि टेलस्टॉकमधली टोकदार सेंटर जवळ आणावीत. टोकाला टोक भिडलेच पाहिजे, नाहीतर टेलस्टॉकवरून पाडलेले भोक वाकडे जाते. स्पिंडलचे आटेही मोजावेत, कारण चक त्यावरच बसतो.

पहिले काम लाटण्याचे किंवा भोवऱ्याचे. फिरत्या भोवऱ्याला लाखेची कांडी टेकवली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग चढतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी अशीच रंगतात. फार सुंदर दृश्य असते ते. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि गळ्यातला रुमाल आधी काढून ठेवावा.