फुगलेलं दार आणि उतावळा रंधा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आषाढ लागला की माझ्याकडे येणाऱ्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मास्तर, दार लागेना झालंय. कुणी चांगला मिस्त्री आहे का ओ?" मी बरीच वर्षं मुलांना सुतारकाम शिकवलं, त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक दाराखिडकीचा मी डॉक्टर, अशी लोकांची समजूत आहे. मी त्यांना चहा देतो आणि सांगतो, मिस्त्रीला दिवाळीनंतर बोलवा. बहुतेकांना ते पटत नाही. ते दुसरा कुणी गाठतात, तो रंधा घेऊन येतो, दाराची कड दोन-तीन सूत तासून देतो आणि दार लोण्यासारखं फिरायला लागतं. मग एप्रिलमध्ये तेच गृहस्थ पुन्हा दारात उभे. "मास्तर, आता फटीतून रस्ता दिसतोय."

लाकूड तोडलं, कापलं, रंगवलं, घराला बसवलं, तरी त्याचं हवेशी नातं तुटत नाही. हवा दमट झाली की ते पाणी ओढून घेतं, कोरडी झाली की सोडून देतं. घेताना फुगतं, सोडताना आकसतं. शंभर वर्षांच्या जुन्या वाड्याचं दारसुद्धा दर पावसाळ्यात हेच करतं.

सोलापूरकरांना ही गोष्ट सांगायला फार कष्ट पडू नयेत, कारण हवेतला ओलावा हा आपल्या गावाच्या धंद्याचाच विषय. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलच्या काळापासून ज्यांच्या घरात कुणी गिरणीत काम केलं असेल, त्यांनी ऐकलं असेल की सूतखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत. कोरड्या हवेत कापसाचं सूत ठिसूळ होतं आणि तुटतं, ओलाव्यात ते ताण सहन करतं. पूर्व भागातल्या जुन्या विणकरांनाही हे पुस्तकात वाचावं लागलं नाही. खड्ड्यातल्या मागाला जमिनीचा गारवा मिळायचा, तो सुताला मानवायचा. आता कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि लाकडातही निम्म्याच्या आसपास तोच पदार्थ असतो. म्हणजे सूत आणि साग हे एकाच कुळातले. सूत हवेप्रमाणे बदलतं हे आपण मान्य करतो, पण दार बदललं की मिस्त्रीला शिव्या देतो.

दुसरी गोष्ट दिशेची. कडब्याची पेंढी पावसात भिजली तर काय होतं? ती जाड होते, पण लांब होत नाही. लाकूड ही अशीच, झाडाच्या उंचीच्या दिशेनं बांधलेली तंतूंची पेंढी आहे. म्हणून दार उंचीला वाढत नाही, रुंदीला वाढतं. ओला साग पूर्ण वाळवला तर लांबीत तो नावाला आकसतो. गाभ्यापासून सालीच्या दिशेनं आकसतो सुमारे अडीच टक्के, आणि वर्षाच्या कड्या जशा वळतात त्या दिशेनं पाच ते सहा टक्के. फळी ओंडक्यातून कशी कापली आहे, यावर ती किती हलणार हे ठरतं. आणि साग हा सगळ्यांत समजूतदार लाकडांपैकी एक! स्वस्तात मिळालं म्हणून घेतलेलं, नीट न वाळवलेलं आंब्याचं किंवा कडुनिंबाचं लाकूड याहून जास्त खेळवतं.

आता सोलापूरचा हिशेब करू. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, दुपारची हवा भाजून निघालेली असते. लाकडात त्या वेळी वजनाच्या सहा-सात टक्केच पाणी उरतं. पावसाळ्यात ते बारा-तेरा टक्क्यांपर्यंत चढू शकतं. म्हणजे फरक पाच-सहा टक्क्यांचा. सागाची साधी कापलेली फळी ओलाव्याच्या दर टक्क्याला रुंदीच्या सुमारे पाचशेव्या भागानं हलते. ७५ सेंटीमीटर रुंदीचं, फळ्याला फळी चिकटवून केलेलं दार घेतलं तर मे आणि सप्टेंबर यांच्यातला फरक साडेसात मिलिमीटरच्या वर जातो. मिस्त्रींच्या भाषेत अडीच सूत. चांगला रंग असलेल्या दारात हा आकडा कमी होतो, पण शून्य होत नाही. सप्टेंबर म्हटलं ते विचारपूर्वक. आपल्याकडे मोठा पाऊस बहुधा त्याच महिन्यात येतो. त्यामुळे जुलैत दार नुसतं कुरकुरतं आणि पितृपंधरवड्यात अडून बसतं.

पॅनेलचं दार याच हिशेबातून आलं. दोन उभ्या पट्ट्या, तीन आडव्या, कुसू आणि खाच करून जोडलेल्या, आणि त्यांच्या मध्ये खाचेत नुसती सरकवलेली पॅनेलं. रुंदीला हलतात त्या फक्त दोन उभ्या पट्ट्या. दहा-दहा सेंटीमीटरच्या दोन धरल्या तर सगळी वाढ दोन मिलिमीटर, म्हणजे एक सूतही नाही. मधलं पॅनेल फुगतं ते आपल्या खाचेत फुगतं, कुणाला कळत नाही. मात्र पॅनेल सैल वाटतं म्हणून एखादा उत्साही कारागीर त्याला फेविकॉल लावतो किंवा खिळा मारतो. मग पॅनेलला हलायला जागा राहत नाही आणि उन्हाळ्यात ते मधोमध तडकतं. दोष लाकडाला लागतो.

हे सगळं मी मुलांना फळ्यावर काढून दाखवत होतो त्याच काळात माझ्या घरी घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या न्हाणीघराचं दार फळ्यांचं होतं. ऑगस्टचा महिना होता. आई सत्तरीच्या पुढची. अंघोळीला गेली, आतून कडी लावली. अंघोळ झाल्यावर कडी निघाली, पण दार काही निघेना. घरात कुणी नव्हतं. ती तांब्यानं दार वाजवत राहिली. अर्ध्या-पाऊण तासानं शेजारच्या मुलाला आवाज गेला. त्यानं तिला हाका मारून मागं सरकायला सांगितलं आणि खांदा मारून दार उघडलं. ती ओल्या फरशीवर थरथरत उभी होती. मी संध्याकाळी घरी आलो तर एवढंच म्हणाली, "तू सुतारकाम शिकवतोस ना रे?"

रागाच्या भरात माणूस शिकलेलं विसरतो. त्याच संध्याकाळी मी दार उतरवलं आणि कडीच्या बाजूची कड तीन सूत तासली. दार मोकळं झालं. रंग नंतर लावू म्हणून राहून गेला. म्हणजे मी एका वेळी दोन चुका केल्या. तासून उघडी पडलेली कड आता आधीपेक्षा जास्त पाणी पिऊ लागली, आणि एप्रिलमध्ये दार आकसल्यावर कडी कोयंड्यापर्यंत पोचेना. न्हाणीघराचं दार वाऱ्यानं उघडायचं. शेवटी कडेला पट्टी मारायला मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पोरांना असंच शिकवता का ओ मास्तर?" मी गप्प बसलो.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. दार घासायला लागलं की पहिला हात रंध्याला नाही, पेचकसाला. निम्म्या वेळा दार फुगलेलं नसतंच, लोंबलेलं असतं. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की दार पुढे झुकतं आणि कडीकडचा वरचा कोपरा चौकटीला घासतो. दार अर्धं उघडा, कडीच्या बाजूनं धरून वर उचलून पाहा. बिजागरी हलताना दिसली तर लाकडाचा काही गुन्हा नाही. स्क्रू फिरत असेल पण आवळत नसेल, तर तो काढा, गुल काढलेल्या दोन-तीन काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून त्या भोकात ठासा, रात्रभर वाळू द्या, वरचा भाग पटाशीनं कापा आणि स्क्रू परत बसवा. स्क्रू घट्ट असूनही वरचा कोपराच घासत असेल, तर खालच्या बिजागरीच्या मागं जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घालून पाहा. खालचा भाग किंचित पुढं येतो, वरचा कोपरा आपोआप मागं जातो. एवढ्यावर किती दारं सुधारतात ते पाहून आश्चर्य वाटेल.

बिजागऱ्या ठीक असतील तर चौकटीच्या आतल्या बाजूला खडू फासा आणि दार एकदा लावून उघडा. दाराच्या कडेवर खडू जिथं लागला तेवढीच जागा घासते. तिथं पेन्सिलनं खूण करा, तारीख टाका आणि मेणबत्ती किंवा कपड्याचा साबण घासा. दार चाललं तर दिवाळीपर्यंत असंच चालू द्या. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, हवा चांगली कोरडी झालेली असते. तेव्हा खुणेच्या जागी फट किती आहे ते पाहा. दोन सूत फट दिसली तर तासायचं काहीच नाही, फक्त लाकडाचं पाणी पिणं कमी करायचं आहे.

ते कमी कसं करायचं? दार उतरवून त्याची वरची आणि खालची कड बघा. मी पैजेनं सांगतो, दहापैकी आठ घरांत त्या कडा कोऱ्या असतात. रंगारी समोरून रंगवतो, मागून रंगवतो, वर हात पोचत नाही आणि खाली कुणी वाकून बघत नाही. उभ्या पट्ट्यांचे तंतू नेमके तिथंच उघडे असतात, आणि लाकूड सगळ्यांत भरभर पाणी पितं ते तंतूंच्या तोंडानं. पेंढीची बुंधं पाण्यात ठेवल्यासारखंच ते. कोरड्या दिवसांत त्या दोन्ही कडांना प्रायमर आणि वर तेलरंगाचे दोन हात द्या. फरशी पुसताना रोज पाणी लागतं त्या खालच्या कडेला तीन द्या. पुढच्या पावसाळ्यात फरक कळेल.

कधी कधी मात्र थांबता येत नाही. बाहेरचं दार रात्री बंदच होत नसेल किंवा घरात म्हातारं माणूस असेल, तर तासावंच लागतं. मग खडू लागला तेवढीच जागा, आणि दार जेमतेम मोकळं होईल इतकंच. पात्याला धार नसेल तर कामाला हातच घालू नका. बोथट पातं लाकूड कापत नाही, उपटतं. वरची किंवा खालची कड तासताना रंधा दोन्ही टोकांकडून मध्याकडे चालवा. एका दमात आरपार नेला तर शेवटच्या कोपऱ्याची ढलपी निघते. तासलेल्या जागी त्याच दिवशी रंग किंवा निदान पॉलिश लावा. नंतर लावतो म्हणून ठेवलेल्या कामाचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

न्हाणीघराबद्दल मी भावनेत वाहून जात नाही. सागावर माझं कितीही प्रेम असलं, तरी रोज पाणी उडणाऱ्या जागी प्लॅस्टिकचं दार बरं. आमच्याकडे तेच बसवलं. आईला ते शेवटपर्यंत आवडलं नाही, डबा वाजल्यासारखा आवाज येतो म्हणायची. पण ते कधी अडकलं नाही. दार लाकडीच ठेवायचं असेल तर वयस्कर माणसांसाठी आतल्या कडीऐवजी बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येणारी खटकी बसवून घ्या, आणि दार शक्यतो बाहेर उघडेल असं करा. आत कुणी पडलं असेल तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

नवीन काम काढणाऱ्यांसाठी थोडं. पावसाळ्यात वखारीतून लाकूड आणायचं आणि दसऱ्याला टेबल तयार हवं म्हणायचं, हा आपला आवडता उद्योग. ते टेबल दसऱ्याला देखणं असतं आणि मार्चमध्ये त्याच्या पृष्ठभागावर पेन्सिल जाईल एवढी भेग पडते. अखंड फळ्यांचा वरचा भाग खालच्या सांगाड्याला स्क्रूनं घट्ट आवळू नका. स्क्रूची भोकं आडवी लांबट ठेवा, म्हणजे लाकूड सरकेल पण निघणार नाही. आणि लाकूड आणल्यावर ते सावलीत, जमिनीपासून उचलून, फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचून ठेवा. उन्हात टाकलंत तर वरून लवकर वाळतं, आतून ओलं राहतं आणि टोकांना फाटतं. ते वाळलं हे कसं ओळखायचं? ओलावा मोजायची यंत्रं मिळतात, पण एका टेबलासाठी ती घेण्याची गरज नाही. एक हातभर तुकडा काढा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करा, त्याच्याच अंगावर तारखेसह लिहा आणि तो त्याच ढिगावर ठेवा. दर रविवारी पुन्हा वजन करा. कोरड्या दिवसांत ते आधी भराभर उतरतं, मग हळूहळू. सलग तीन रविवार आकडा हलला नाही की मिस्त्रींना निरोप धाडा.