छोटी अवजारे, एक सांधा

चाळीसगाव जंक्शनवरून जाणारी मालगाडी विद्यार्थ्यांना नीट पाहायला सांगावी. कोळशाची वाघीण वेगळी, तेलाच्या टाकीची वेगळी. तरीही एकीला दुसरी जोडता येते, कारण जोडणीचा सांधा ठरलेला आहे. शेजारच्या वाघिणीत काय भरले आहे, याची चौकशी करावी लागत नाही.

संगणकाच्या आज्ञावल्याही अशाच रचाव्यात, हा विचार अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स प्रणालीत रुजला. डग्लस मॅक्‌इलरॉय यांच्या आग्रहावरून केन टॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये तीत 'पाइप'ची सोय केली. एका आज्ञावलीतून बाहेर पडणारा मजकूर सरळ दुसरीत जाऊ लागला.

समजा, कोणत्या गावाहून किती मुले शाळेत येतात, हे आपल्याला मोजायचे आहे. फाइलमध्ये प्रत्येक मुलामागे एक ओळ, ओळीत फक्त गावाचे नाव: वाघळी, बहाळ, हिरापूर, पुन्हा वाघळी. 'सॉर्ट' ही आज्ञावली ओळी क्रमाने लावते. 'यूनीक' लागोपाठच्या सारख्या ओळींची एकच ओळ करते आणि सांगितल्यास त्या किती होत्या तेही लिहिते. मधे बहाळ आले, तर पुढची वाघळी तिला नवीच वाटते. म्हणून आधी सॉर्ट. मग क्रम लावण्याचे काम यूनीकमध्येच का घातले नाही? तसे केले असते, तर क्रम लावण्याच्या रीतीत सुधारणा करताना दोन्हीकडे दुरुस्ती करावी लागली असती.

या सगळ्याचा सांधा म्हणजे साधा मजकूर. मराठीत नेमका तोच निखळला होता. १९९० च्या दशकात छपाईसाठी वापरले जाणारे अनेक फाँट अक्षरांच्या तुकड्यांना आपापले क्रमांक देत. फाँट बदलला की मजकुराची खिचडी! त्यातच पहिली वेलांटी कागदावर दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवली जाई. त्यामुळे 'हिरापूर' हे नाव ह मध्ये न येता वेलांटीच्या क्रमांकावर जाऊन बसे. मजकूर आणि त्याचे रूप एकाच कप्प्यात कोंबल्याचा हा परिणाम. आमच्या मते या तत्त्वाचे याहून बोलके उदाहरण मराठी वाचकाला शोधूनही सापडणार नाही.

१९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकाने आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने हे कप्पे वेगळे केले. आधी ह, मग वेलांटी, असा क्रम साठवायचा. वेलांटी डावीकडे काढणे हे फाँटचे काम. जुन्या फाइली मात्र तशाच राहिल्या. त्यांच्यासाठी दर फाँटमागे एक छोटी रूपांतर करणारी आज्ञावली लागते. ती पाइपमध्ये सर्वांत पुढे जोडली, की मागची सॉर्ट आणि यूनीक बदलावी लागत नाही.