नाव झाकल्यावर स्कॉच काय सांगते

सिंगल कास्क स्कॉचच्या ब्लाइंड टेस्टिंगबद्दल दोन समजुती घट्ट रुजलेल्या आहेत आणि त्या एकमेकींच्या अगदी विरुद्ध टोकांना आहेत. पहिली अशी, की खरा जाणकार ग्लास नाकाशी नेताच डिस्टिलरी, वय आणि प्रांत सांगून मोकळा होतो. ज्याला ते जमत नाही, तो जाणकार नव्हेच. दुसरी अशी, की भल्याभल्यांना हे जमत नाही, त्याअर्थी चवीतल्या फरकांच्या सगळ्या गप्पा पोकळ आहेत आणि लोक पैसे मोजतात ते लेबलाचे. वरवर पाहता ही दोन गटांची भांडणं वाटतात, पण चूक एकच आहे. दोघंही ब्लाइंड टेस्टिंगला पिणाऱ्याची परीक्षा समजतात. प्रत्यक्षात तिथे तपासली जाते ती समोरची व्हिस्की, आणि सिंगल कास्कच्या बाबतीत तर एकच एक पिंप.

हे नीट कळण्यासाठी आधी बाटलीत काय आहे ते पाहायला हवं. सिंगल माल्ट म्हणजे एकाच पिंपातली दारू, असं पुष्कळांना वाटतं. स्कॉच व्हिस्कीचे 2009 चे नियम तसं म्हणत नाहीत. सिंगल माल्ट एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून, पॉट स्टिलमध्ये काढलेली असली पाहिजे. जास्तीत जास्त 700 लिटरच्या ओक पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान तीन वर्षं मुरलेली असली पाहिजे. आणि बाटलीत निदान 40 टक्के अल्कोहोल असलं पाहिजे. पण त्या बाटलीत डझनावारी, कधी शेकडो पिंपांतला माल एकत्र केलेला असू शकतो आणि बहुधा असतोच. डिस्टिलरीची नेहमीची बारा वर्षांची बाटली दरवर्षी सारखीच लागावी म्हणून ब्लेंडर पिंपांमधले फरक जाणूनबुजून एकमेकांत मिसळून टाकतो. सिंगल कास्कमध्ये ही सपाटी नसते. नियमांनी स्कॉचचे पाच प्रकार ठरवले आहेत, त्यांत सिंगल कास्क हा वेगळा प्रकार नाही. पण व्यवहारात त्याचा अर्थ स्पष्ट आहे, एका पिंपातून जेवढं निघालं तेवढंच. हिशेब करून पाहा: 250 लिटरचं हॉग्जहेड पिंप, दर वर्षी साधारण दोन टक्के हवेत उडून जाणार, अठरा वर्षांनी उरणार 174 लिटरच्या आसपास. 700 मिलिलिटरच्या बाटल्या भरल्या तर जेमतेम अडीचशे. त्या संपल्या की ती चव पुन्हा मिळत नाही.

आता पहिल्या समजुतीकडे वळू. एकाच डिस्टिलरीत, एकाच दिवशी, एकाच स्टिलमधून आलेला माल दोन पिंपांत भरला आणि दोन्ही पिंपं एकाच गोदामात शेजारी ठेवली, तरी अठरा वर्षांनी दोन वेगळ्या व्हिस्की निघू शकतात. एका पिंपात आधी बर्बन होती. बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवावी असा अमेरिकेचा कायदा आहे, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं तिथून मुबलक येतात. दुसरं पिंप शेरी भरून तयार केलेलं. पहिल्यातून व्हॅनिला, नारळ, मध असा सूर येतो. दुसऱ्यातून सुकं अंजीर, अक्रोड, लवंग. त्यात पिंप स्कॉच भरायला पहिल्यांदाच वापरलं की तिसऱ्यांदा, यानेही मोठा फरक पडतो. ज्याने डिस्टिलरीची ओळख तिच्या नेहमीच्या बाटलीवरून करून घेतली, तो त्या डिस्टिलरीची सरासरी शिकलेला असतो, आणि त्याच्यापुढे ठेवलेलं पिंप सरासरीपासून कुठेही दूर असू शकतं. तो चुकला तर त्यातून कळतं ते एवढंच, की त्या पिंपाचं लाकूड डिस्टिलरीच्या स्वभावावर मात करून गेलं आहे. ही माहिती मोलाची आहे, आणि ती नाव झाकल्याशिवाय मिळाली नसती.

प्रांत ओळखण्याचंही तसंच. आयला बेट म्हणजे धूर, असा सरधोपट ठोकताळा आहे. पण बुनाहावेन आणि ब्रुइकलॅडी या आयलावरच्याच डिस्टिलऱ्या आहेत आणि त्यांचा नेहमीचा माल पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळणाच्या, धुराशिवायचा असतो. उलट मल बेटावरची टोबरमोरी डिस्टिलरी लेडेग या नावाने चांगली धुरकट माल्ट काढते, आणि मुख्य भूमीवरच्या हायलँडमधली आर्डमोरही पीट वापरते. धुराच्या घटकांचं प्रमाण सांगणारा पीपीएमचा (दशलक्षांशाचा) आकडा पाहून चव ठरवणं तर आणखी फसवं, कारण तो आकडा सहसा बार्लीच्या माल्टचा असतो. ऊर्ध्वपातनात त्यातलं बरंच गळतं आणि पिंपातल्या वर्षांनी धूर आणखी मवाळ होतो. हे ठोकताळे टाळायचे तर नावच झाकावं लागतं. स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी या सभासदांच्या संस्थेने 1983 पासून सिंगल कास्क बाटल्यांवर डिस्टिलरीचं नाव छापायचंच टाळलं, फक्त आकडे दिले: पहिला डिस्टिलरीचा, दुसरा पिंपाचा. ग्लेनफार्कलसचं पहिलं पिंप म्हणजे 1.1. कल्पना उत्तमच, पण सभासद आकडे पाठ करतात आणि पाठ झालेला आकडा नावाचंच काम करतो.

आणि नावाचं काम लहान नसतं. बोर्दोमध्ये वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांपुढे गंधहीन लाल रंग घातलेली पांढरी वाइन ठेवली, तेव्हा त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. हा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. 2008 च्या दुसऱ्या प्रयोगात तीच वाइन एकदा दहा डॉलरची आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून दिली गेली. महाग सांगितलेली लोकांना अधिक आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये सुखाशी जोडलेल्या भागाची हालचालही वाढलेली दिसली. हे प्रयोग वाइनचे आहेत, व्हिस्कीचे नाहीत, असा आक्षेप कुणी घेईल. पण दोन्हींत फसतात ते डोळे आणि अपेक्षा, द्रव कोणता याने त्यात फारसं बिघडत नाही. व्हिस्कीत तर रंगाचा सापळा अधिक पक्का आहे. गडद म्हणजे जुनी, असं मानलं जातं, पण नियमांप्रमाणे स्कॉचमध्ये साधा कॅरमेल रंग घालता येतो, आणि तो घातला नसला तरी पहिल्यांदाच वापरलेल्या शेरीच्या पिंपातली दहा वर्षांची व्हिस्की तिसऱ्यांदा वापरलेल्या पिंपातल्या पंचवीस वर्षांच्या व्हिस्कीपेक्षा कितीतरी गडद निघते. वयाच्या आकड्याचाही असाच गवगवा होतो. गोव्यात कुंकळीला पॉल जॉन ही सिंगल माल्ट बनते. तिथल्या उष्म्यात पिंपातून उडून जाणारा वाटा स्कॉटलंडच्या कित्येक पट असतो आणि लाकडाशी देवाणघेवाण झपाट्याने होते. तिथली सहा वर्षं आणि स्कॉटलंडच्या स्पेसाइडमधली सहा वर्षं एका मापाने मोजता येत नाहीत.

आता दुसरी समजूत, की हे सगळं थोतांड आहे. तिच्या बाजूचा पुरावा कमकुवत नाही. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाइन स्पर्धेत परीक्षकांना नकळत एकाच बाटलीतली वाइन तीन-तीनदा दिली गेली. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पट्ट्यात गुण देणारे परीक्षक सुमारे दहा टक्केच निघाले. यातून गुणांवरचा विश्वास डळमळतो आणि तो डळमळायलाच हवा. पण गुण देणं वेगळं आणि फरक कळणं वेगळं. फरक कळतो का हे तपासायची साधी रीत आहे: तीन ग्लास, दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, वेगळा कोणता ते सांगा. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक-तृतीयांश. पाच फेऱ्यांत निदान चार वेळा निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता 243 मध्ये 11, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. ज्याला कुठली डिस्टिलरी हे अजिबात सांगता येणार नाही, असा माणूसही वर वर्णन केलेली दोन जुळी पिंपं या कसोटीवर वेगळी काढू शकतो. चवीतला फरक खरा आहे की नाही, याचं उत्तर इथे मिळतं, 87 आणि 91 गुणांच्या वादात मिळत नाही.

मात्र तुलना नीट मांडलेली हवी, आणि बहुतेक बैठकींचा घोळ इथेच होतो. पिंपातून थेट भरलेली एक व्हिस्की 59 टक्क्यांची, दुसरी 48 ची, अशी शेजारी ठेवली की लोक नाकाला झोंबण्यालाच दमदारपणा म्हणतात. पाणी घातलं की व्हिस्की बिघडते, या हट्टामुळे त्या सारख्या करायलाही कुणी धजत नाही. ब्लेंडर मंडळी वास घेताना नमुना सर्रास 20 टक्क्यांपर्यंत पातळ करतात. स्वीडनमधल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी 2017 साली संगणकावर रेणूंची मांडणी करून दाखवलं, की धुराच्या चवीशी जोडलेला ग्वायाकॉल हा रेणू 45 टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाशी राहतो आणि 59 टक्क्यांच्या वर अल्कोहोलने वेढला जाऊन खाली जातो. म्हणजे पाण्याने काही वास उलट मोकळे होतात. तेव्हा सगळे नमुने एकाच टक्केवारीवर आणावेत, रंग न दिसणाऱ्या ग्लासात झाकून ठेवावेत, त्यांना कुठलाही क्रम न सुचवणारे आकडे द्यावेत आणि प्रत्येकासाठी क्रम बदलावा, कारण धुरकट नमुन्यानंतर आलेली नाजूक व्हिस्की नेहमीच मार खाते.

यावर एक आक्षेप मात्र मला मनापासून पटतो. व्हिस्की पिताना कुणी प्रयोगशाळेत बसलेलं नसतं. आयलाच्या किनाऱ्यावरचं गोदाम, भरल्याचं साल, पिंपाचा क्रमांक, हे सगळं त्या आनंदात मिसळलेलं असतं, आणि स्कॅनवाल्या प्रयोगाने तर तो आनंद खरा असल्याचंच सुचवलं. तो कुणी सोडावा असं ब्लाइंड टेस्टिंग सांगत नाही. पण आनंद नावामुळे मिळाला की पिंपामुळे, हे बाटली विकत घेणाऱ्याला माहीत असायला हवं, विशेषतः सिंगल कास्कच्या चढ्या किमती पाहता. आणि अशा बैठकीत एखादं पिंप पहिलं आलं, तरी तो निकाल त्या अडीचशे बाटल्यांपुरताच असतो. त्याच डिस्टिलरीचं पुढचं पिंप घेताना तो कामाला येत नाही, ते स्वतंत्रपणे चाखावं लागतं.