परसातले रान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरामागच्या मोकळ्या जागेला आपल्याकडे परस म्हणतात. चार-पाच वर्षे तिकडे कोणी फिरकले नाही की त्या परसाचे रान होते. मग दिवाळीला माणसे जमतात, मागचे दार उघडून बघतात आणि हमखास दोनच उपाय सुचवले जातात. एक, जेसीबी बोलावून सगळे खरवडून टाका. दुसरा, वर फरशी घाला आणि विषय संपवा. या दोन्ही उपायांविरुद्ध मला थोडे बोलायचे आहे.

आमच्या माहेरच्या घराचा परस दोन गुंठ्यांचा. वाईजवळ. आई-वडील गेल्यावर सहा वर्षे घर बंद होते. दादा-वहिनी पुण्याहून तिथे राहायला गेले तेव्हा मागे कमरेइतके गाजरगवत उभे होते. महिन्याभरात वहिनींच्या हातांवर आणि मानेवर पुरळ उठले, रात्रीची झोप उडाली. डॉक्टरांनी गाजरगवताची अ‍ॅलर्जी सांगितली. एकतर ते गवत जाऊ दे, नाहीतर तुम्ही पुण्याला परत जा, असेही स्पष्ट बजावले. दादाचे मत फरशीचे. पण परसात आड आहे आणि मे महिन्यातही त्याला पाणी असते. गल्ली सिमेंटची, शेजारची अंगणे फरशीची. पावसाचे पाणी जिरायला आमचा परस तेवढा उरलेला. तोही झाकला की ते पाणी सरळ गटारात जाणार. माझा जन्म वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेला, म्हणून काम माझ्याकडे आले. आड जवळ असल्याने तणनाशकाचा विचारही करायचा नाही, एवढे मी आधीच सांगून टाकले.

हत्यार उचलण्यापूर्वी परसात एक सावकाश फेरी मारावी आणि कोण कोण वस्तीला आले आहे ते पाहावे. अंगात पूर्ण बाह्या, पायात बूट आणि हातात लांब काठी हवी. विटा-कौलांचा ढीग असेल तर त्याला लगेच हात घालू नये; आमच्या ढिगातून भलीमोठी धामण निघाली आणि शांतपणे कुंपणाकडे गेली. फेरीत पाहायचे ते एवढेच, की कोणते तण बियांवर जगते आणि कोणते जमिनीखालच्या गड्ड्यांवर. दोघांना एकच औषध चालत नाही. जेसीबीचा उपाय फसतो तो इथेच.

गाजरगवत हे बियांवर जगणारे. मूळचे अमेरिका खंडातल्या उष्ण भागातले. आपल्याकडे ते प्रथम ठळकपणे नोंदले गेले पुण्यात, १९५५ च्या सुमारास. पी.एल. ४८० च्या गव्हाबरोबर आले ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण भारताशी तो करार झाला १९५६ मध्ये, म्हणजे नोंदीच्या नंतर. अमेरिकेचा गहू मात्र १९५१ पासूनच येत होता. त्यामुळे गव्हावरचा संशय पुरता फिटत नाही. ते असो. याचे एक चांगले पोसलेले झाड पंधरा-वीस हजार बिया सोडते आणि त्या मातीत काही वर्षे जिवंत राहतात. विळ्याने कापले तर बुंध्याशी नवे फुटवे येतात आणि त्यांना आणखी खालीच फुले लागतात. म्हणून माती ओली असताना, पांढरी फुले येण्यापूर्वी, मुळासकट उपटायचे. उगवल्यापासून फुलापर्यंत जेमतेम महिना-दीड महिना मिळतो. हातमोजे आणि नाकातोंडाला रुमाल हवाच, आणि ज्याला त्रास होतो त्याने त्या दिवशी घरातही थांबू नये. फुलावर न आलेले गवत खतखड्ड्यात घातले तरी चालते. पावसाळ्यात त्याच्या पानांवर पांढरट पाठीचे, तपकिरी रेघांचे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. याच कामासाठी ते मेक्सिकोहून बंगळुरूला आणले गेले आणि १९८४ पासून मोकळे सोडले गेले. ते पाने खातात, आपले कष्ट हलके करतात. सगळे काम त्यांच्यावर सोडण्याइतके मात्र ते भरवशाचे नाहीत.

खरा चिवट गडी लव्हाळा. अभंगातला लव्हाळा नम्रपणामुळे पुरातून वाचतो. परसातला वाचतो तो गड्ड्यांमुळे. वर चार पाती दिसतात, खाली काळ्या गड्ड्यांची माळ असते. माळेतला टोकाचा गड्डा फुटलेला असला की बाकीचे बहुतेक निजून असतात. माळ तोडली की एकेक मणी जागा होतो. जेसीबी किंवा रोटाव्हेटर फिरवल्यावर पंधरा दिवसांत लव्हाळा दुप्पट दाट का उगवतो, त्याचे कारण हे. हराळीची तऱ्हा निराळी, पण परिणाम तोच. तिच्या पेऱ्यापेऱ्याला फुटण्याची ताकद असते, तुकडे केले की तुकड्यातुकड्यांतून नवी हराळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच, त्यामुळे आमच्याकडे कुंपणालगत एक वाफाभर तिला माफी मिळाली.

या दोघांचा शत्रू म्हणजे ऊन आणि सावली. ऊन गड्ड्यांना, सावली पात्यांना. मार्च संपताना कुदळीने वीतभर खोल खणायचे, ढेकळे फोडायची नाहीत, तशीच उलथून ठेवायची. चैत्र-वैशाखाच्या उन्हात उघडे पडलेले गड्डे वाळून मरतात. सावलीचे नंतर सांगते. मात्र अख्खा परस एकदम खणू नये. रान कितीही ओंगळ दिसले तरी मातीला धरून तेच असते. आमचा उतार आडाकडे आहे. सगळे उघडे करून ठेवले असते तर वळवाच्या दोन सरींत वरची चांगली माती आडात गेली असती. म्हणून आम्ही पहिल्या वर्षी अर्धाच परस घेतला. उरलेल्या अर्ध्यात फक्त गाजरगवत उपटायचे, बाकी हात लावायचा नाही. दादाला हे अर्धवट काम अजिबात पटले नव्हते.

घेतलेल्या अर्ध्यातल्या एका पट्ट्यात लव्हाळा नव्हता, नुसते बियांचे तण होते. तिथे एप्रिलमध्ये माती भिजवून त्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद अंथरला, कडा मातीत गाडल्या आणि पाच आठवडे तसाच ठेवला. कागद पारदर्शक लागतो. काळा घातला तर ऊन कागदच पितो, माती तितकी तापत नाही. पारदर्शक कागदाखाली वरचे दोन-तीन इंच चांगलेच तापतात आणि पुष्कळ बिया मरतात. लव्हाळ्यावर या युक्तीचा भरवसा ठेवू नये, त्याचे कोंब कागद भोसकून वर येतात.

मृगाच्या पावसावर मोकळ्या जमिनीवर हिरवी लव उठते. इथे घाई करून बी पेरले की वर्षभर तणच वेचावे लागते. ती लव खुरप्याने वरच्यावर, इंचभरच, खरडायची. खोल खुरपले की खालच्या बिया वर येतात आणि त्यांना उगवायला निमित्त मिळते. दहा-बारा दिवसांनी दुसरी लव येते, तीही खरडायची. त्यानंतर आम्ही ताग दाट पेरला. मघाशी म्हटलेली सावली ती ही. लव्हाळ्याला अंधार सोसत नाही. उंच तागाखाली तो पिवळा, रोडावलेला राहतो. दीड महिन्याने, ताग फुलावर येऊ लागताच, कापून तिथेच मातीत गाडला.

घोळ, टाकळा ही तणे आम्ही काढली नाहीत, कोवळी असताना खाल्ली. आघाडा पत्रीसाठी कुंपणाशी ठेवला.

नवरात्रात गाडलेल्या तागाच्या वाफ्यांत मेथी आणि मुळा पेरला, आडाच्या बाजूला वाल चढवला. लव्हाळा अजून येतो. दर दहा-पंधरा दिवसांनी नवे गड्डे धरण्याच्या आत खरडला की प्रत्येक वेळी थोडा विरळ होतो, आणि दोन वाफ्यांना अर्धा तास पुरतो. दुसऱ्या वर्षी उरलेला अर्धा घेतला, तेव्हा ढेकळे उलथायला दादा स्वतः उभा होता.

वहिनींचे पुरळ पहिल्याच हिवाळ्यात बरेच कमी झाले, पूर्ण मात्र गेले नाही. भिंतीपलीकडे एक रिकामा प्लॉट आहे, त्याचे मालक परगावी असतात आणि तिथले पराग वाऱ्याने आमच्याकडे येतात. यंदा फोनवर त्यांची परवानगी घेतली आणि जुलैत, फुले येण्याआधी, आळीतल्या चौघांना घेऊन दोन सकाळी तो प्लॉटही उपटून काढला. ते दोन दिवस वहिनींना पुण्याला मुलाकडे पाठवले होते.