लेदर सीट घरी रंगवताय? आधी सीटखाली डोकावून बघा

मागच्या होळीला मी बनारसला काकांकडे गेले होते. काकांचं घर ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीत. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा काशीतला जुना मराठी वस्तीचा भाग. गल्ली अशी, की समोरून सांड आला तर आपण मुकाट्याने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. तिथे गाडी शिरण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे काकांची गाडी मैदागिनच्या बाजूला मोकळ्यावर उभी असते, वर्षभर ऊन खात.

गाडी सेकंडहँड, आतून बदामी रंगाच्या लेदर सीट. काकांना त्याचा भारी अभिमान. पण ड्रायव्हरच्या सीटची कड भेगाळली होती, मागे होळीचा गुलाबी रंग बसला होता आणि हँडब्रेकजवळ पानातल्या कात्याचा डाग होता. मी म्हटलं, काका, मी करून देते. घरात तपकिरी बूट पॉलिशची डबी होती. भेगांवर चोळलं, कापडाने चमकवलं, सीट नवी दिसायला लागली. दोन दिवसांनी काकू मोतिया रंगाची बनारसी साडी नेसून बारशाला निघाली आणि त्याच सीटवर बसली. उतरली तेव्हा साडीच्या मागे हातभर तपकिरी पट्टा होता. काकू मला काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

तुम्ही ही चूक करू नये म्हणून आधी हे सांगते. बूट पॉलिश म्हणजे मेण आणि रंग. ते सीटवर नुसतं बसून राहतं, मुरत नाही. बंद गाडी उन्हात उभी असली की आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा सहज वीसेक अंशांनी चढतं. मेण मऊ होतं आणि रंग बसणाऱ्याच्या कपड्यांना लागतो. भिंतीचा ऑइल पेंटही चालत नाही. तो वाळून कडक होतो आणि सीट दबली की तडकतो.

तुमची सीट खरंच लेदरची आहे का?

पुढच्या वेळी मी नीट अभ्यास करून कामाला लागले, तेव्हा पहिला धक्का काकांना बसला. सीटखाली मोबाईलचा टॉर्च मारून कापडाची दुमडलेली कड पाहिली. खऱ्या चामड्याची मागची बाजू मखमलीसारखी, तंतूतंतूंची असते. रेक्झिनच्या मागे विणलेलं कापड दिसतं. काकांच्या गाडीत बसायचा आणि पाठ टेकायचा मधला भाग चामड्याचा निघाला, बाजू आणि मागचा भाग रेक्झिनचा. 'लेदर सीट' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत असंच असतं. काका म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं मी अर्ध्याच लेदरवर बसतोय?"

पाण्याचा थेंब टाकून बघायची युक्ती तुम्ही ऐकली असेल. गाडीच्या सीटला ती फारशी लागू पडत नाही, कारण बहुतेक गाड्यांच्या चामड्यावर रंगाचा आणि त्यावर पारदर्शक कोटिंगचा थर असतो. पाणी त्यावरूनही ओघळतं आणि रेक्झिनवरूनही. काडी लावून वास घेण्याच्या फंदात तर पडूच नका.

हे सगळं बघायचं कशाला? कारण चामड्याचा रंग रेक्झिनवर धरेलच असं नाही. तिथे रेक्झिन किंवा व्हायनिलसाठीचा रंग लागतो. आणि रेक्झिनचे पोपडे सुटत असतील तर रंगवूच नका. वरचा थरच कापडापासून सुटलेला असतो, त्याच्याबरोबर तुमचा रंगही निघून येईल. अशा वेळी सीट कव्हरवाल्याकडून तेवढा भाग नवा शिवून घेणं स्वस्त पडतं.

आणखी एक गैरसमज. कोल्हापुरी चप्पल आपण तेल लावून मऊ करतो, तर सीटलाही खोबरेल लावावं असं वाटतं. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलं आणि वरून उघडं असतं, म्हणून ते तेल पितं. सीटवर कोटिंग आहे. तेल वरच राहतं, धूळ धरतं आणि पुढे रंगही धरू देत नाही.

आता काम

या वेळी गाडी महमूरगंजला ओळखीच्यांच्या पोर्चमध्ये लावली. सावली हवी, चारही दारं उघडी हवीत, आणि लहान मुलं व पेटती उदबत्ती दोन्ही लांब हवीत, कारण वापरायच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलला पटकन पेट घेता येतो. हवामानही बघा. बनारसच्या मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा रंग स्पंजवरच वाळतो आणि पट्टे उठतात. जानेवारीच्या धुक्यात तो वाळता वाळत नाही. पावसाळ्यातही तेच. दसऱ्यानंतरचे दिवस किंवा फेब्रुवारी-मार्च बरे.

पहिला अख्खा दिवस फक्त साफसफाईत गेला, आणि खरी गंमत तिथेच झाली. व्हॅक्यूम करून, लेदर क्लीनर आणि मऊ ब्रशने हलक्या हाताने घासल्यावर गुलाबी रंग निम्म्याहून जास्त गेला. मागची सीट रंगवायची गरजच उरली नाही! म्हणून आधी साफ करा, मग ठरवा. कपड्यांची पावडर मात्र नको. चामडं स्वभावाने किंचित आम्ल असतं, पावडर अल्कलीची, त्याने ते कोरडं पडतं. पानातल्या चुन्याचंही तेच, सांडला की लगेच ओल्या कापडाने पुसा.

मग पांढऱ्या कापडावर थोडं अल्कोहोल घेऊन पुढच्या सीटवरचा तेलकटपणा आणि माझं ते पॉलिश काढलं. सीटवर थेट ओतायचं नाही. भेगांत लेदर फिलर पातळ थरांत भरला. वाळल्यावर 800 नंबरच्या वॉटर पेपरने अगदी हलकं घासून धूळ पुसली. प्लास्टिक आणि शिलाईवर मास्किंग टेप लावली. शिलाई वेगळ्या रंगाची असेल तर टेप लावायला कंटाळू नका. मी एका कडेला कंटाळले, तिथला पांढरा दोरा आता बदामी आहे.

रंग पाण्यावर आधारित, खास लेदरसाठीचा घ्या. मूळ छटेचाच घ्या किंवा थोडा गडद. काळी सीट घरी बदामी करायला जाऊ नका, प्रत्येक सुरकुतीतून काळं डोकावत राहतं. आधी सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर लावून पूर्ण वाळू द्या, कारण ओला आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो. मग स्पंजने अगदी पातळ हात, प्रत्येक हातानंतर वाळवणं. आम्हाला चार हात लागले. एकाच जाड हाताचा मोह काकांना सारखा होत होता, त्यांना चहा आणायला पाठवावं लागलं. सीटला बारीक छिद्रं असतील तर स्पंज जवळजवळ कोरडा ठेवा, नाहीतर छिद्रं बुजतात. शेवटी मॅट टॉपकोटचे दोन हात दिले. हा टॉपकोटच रंगाला कपड्यांपासून आणि कपड्यांना रंगापासून वाचवतो.

इथे हात लावू नका

पुढच्या सीटच्या दाराकडच्या शिवणीजवळ 'एअरबॅग' असं लिहिलेली छोटी पट्टी आहे का बघा. असेल तर साइड एअरबॅग सीटच्या आत आहे आणि अपघातात ती तीच शिवण फाडून बाहेर येते. तिथे फिलर भरू नका, रंगाचे जाड थर देऊ नका, वरून काही शिवून घेऊ नका. शिवण उसवलेली असेल तर ते काम सर्व्हिस सेंटरचं. सोपं जावं म्हणून सीट काढायचा विचारही सोडा. सीटखालची पिवळी वायर एअरबॅगची असते. सीटबेल्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, त्याच्या पट्ट्यावर रंग किंवा रसायन सांडलं तर पट्टा कमजोर होऊ शकतो.

काम संपल्यावर चोवीस तास गाडीत कुणीही बसलं नाही आणि पुढचा आठवडाभर सीटवर ओलं काही ठेवलं नाही. जवळून पाहिलं तर दोन भेगा अजून दिसतात. काका भेटेल त्याला दार उघडून सीट दाखवतात, अर्ध्या लेदरची गोष्ट मात्र गाळतात. आणि काकू अजूनही बसण्याआधी पर्समधला पांढरा रुमाल काढते, सीटवर जोरात घासते, उजेडात धरून बघते आणि मगच टेकते.