थंडी, पाखरं आणि दहा बोटं

पालघर जिल्ह्यातल्या दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर हातमोजे घालून कोण फिरतं? पाखरं बघायला येणारे फिरतात, आणि त्यांनी फिरावंच. इथे बर्फ पडत नाही हे खरं. पण जानेवारीत पहाटे सफाळ्याहून बाइकवर निघून बघा. पारा पंधरा-सोळाच्या आसपास, त्यात जमिनीकडून समुद्राकडे सुटलेला मतलई वारा. किनाऱ्यावर पोचेपर्यंत बोटं अशी आखडतात की दुर्बिणीचं चाक फिरवता येत नाही. तोवर समोरचा थवा वैतरणेचं मुख ओलांडून अर्नाळ्याच्या बाजूला गेलेला असतो.

शिकाऱ्यांनी सोडवलेलं कोडं

थंड मुलखातल्या पाखरांच्या शिकाऱ्यांपुढे हीच अडचण होती. हात उबेत हवा आणि चाप ओढणारं बोट मोकळं हवं. मग कोणी तर्जनीपुरतं कापड पातळ ठेवलं, कोणी बोटाचं टोक मागे दुमडता येईल असं शिवलं, कोणी तळव्याला पकडीसाठी चामडं लावलं. दलदलीत उभं राहून पाण्यात नकली बदकं मांडणाऱ्यांसाठी कोपरापर्यंतचे निओप्रीनचे मोजे आले.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानपाखरांची शिकार गुन्हा आहे. पाखरू सापळ्यात धरणं, घरटं मोडणं, अंडी उचलणं हेही शिकारीतच मोडतं. शिकाऱ्याच्या हातमोज्याचं शहाणपण मात्र घ्यावं. बंदुकीच्या चापाजागी दुर्बिणीचं चाक आलं की तोच मोजा आपल्या कामाचा. टोक दुमडणारा असेल तर सर्वांत उत्तम.

तसं पाहिलं तर आपल्या पक्षिशास्त्राची वाटही बंदुकीवरूनच गेली. बारा वर्षांच्या सालिम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग बघून ती ओळखून घ्यायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथे सोसायटीचे सचिव मिलर्डसाहेब यांनी त्यांच्यापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. याच सोसायटीने १९२७ मध्ये पक्ष्यांच्या पायात कडी घालायला सुरुवात केली ती धारच्या पवार संस्थानिकांच्या मदतीने. ही कडी परत कोण पाठवायचं? बऱ्याचदा दूरदेशीचे शिकारीच. पाडलेल्या बदकाच्या पायातलं कडं त्यांनी पत्रासोबत पाठवलं, म्हणून ही पाखरं कुठून कुठे जातात ते कळत गेलं.

कडी घालणारे हातमोजे घालत नाहीत, हे ऐकून नवल वाटेल. तुतवारासारखा इवला पक्षी मुठीत किती दाबला जातोय हे उघड्या बोटांनाच समजतं. शिकारी पक्षी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे जाड चामडं लागतं. ससाणे पाळणाऱ्यांचा मोजा तर एकाच हाताचा! युरोपात पाखरू डाव्या हातावर बसवायची रीत, तर इराण-मध्य आशियाकडच्या परंपरेत उजव्या.

बोटांत स्नायू नाहीत

आता जरा हाताकडे बघू. उजव्या हाताने डाव्या कोपराखाली घट्ट धरा आणि डाव्या हाताची बोटं पेटी वाजवल्यासारखी हलवा. हालचाल कुठे जाणवते? कोपराखाली. बोटं वाकवणारे मोठे स्नायू तिथे आहेत, काही लहान तळहातात आहेत, बोटात मात्र नुसते दोर. स्नायू वर आणि कंडरा खाली, अशी ही रचना. म्हणून आखूड बाह्यांचा शर्ट आणि महागडे हातमोजे ही जोडी फसते. हात गारठला की बोटं मंदावतात. मोज्याची मनगटपट्टी लांब हवी आणि ती बाहीच्या आत जायला हवी.

गारठ्यात शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आवरतं घेतं, कारण काळीज आणि मेंदू आधी. पण ते बोटांना पार सोडून देत नाही. बर्फाच्या पाण्यात बोट धरलं तर पाच-दहा मिनिटांनी रक्तवाहिन्या आपोआप उघडतात, बोट तापतं, परत मिटतात, परत उघडतात. ब्रिटिश वैद्यकीय संशोधक सर थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये हे टिपलं. कॅनडातल्या गॅस्पे भागातल्या मच्छीमारांचे हात थंड पाण्यात इतरांपेक्षा अधिक उबदार राहतात, हे १९६० च्या सुमाराला तपासून पाहिलं गेलं. आपल्या किनाऱ्यावर भल्या पहाटे बर्फातली कोळंबी निवडणाऱ्या बायकांचे हात आठवा. त्या हातांवरही असा अभ्यास व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आणि ज्यांना बघायला आलो त्यांचे पाय?

ओहोटीच्या ओल्या वाळूवर कुरव एका पायावर उभा असतो. दुसरा पाय पोटाच्या पिसांत, चोच पाठीच्या पिसांत. उघडं अंग जितकं कमी, तितकी ऊब जास्त टिकते. खरी करामत त्या उभ्या पायात आहे. शरीर चाळिसेक अंशांचं, आणि खाली गार पाणी. पायात उतरणारं गरम रक्त आणि वर चढणारं गार रक्त अगदी लगटून वाहतं. उतरणारं आपली ऊब चढणाऱ्याला देऊन टाकतं. पाऊल गारच राहतं आणि उष्णता पोटाकडे परतते. शिवाय पक्ष्याच्या पायात खाली मांस जवळजवळ नाहीच. स्नायू वर पिसांच्या आत, खाली फक्त दोर. आपल्या बोटांसारखंच! फरक एवढाच की त्यांचा पाय गार पडूनही काम करतो, आपलं बोट संपावर जातं.

तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवर वीण करून इथे उतरतो. त्याला आपला जानेवारी म्हणजे सुखाचा काळ. त्याच्या शेजारी चिखलात चोच खुपसणारा कोरल, शिंपले उघडणारा लाल चोचीचा कालवफोड्या हेही उत्तरेकडचेच पाहुणे.

मोजे घ्यायचे तर

सुती टाळा. दवाने किंवा खाऱ्या पाण्याने एकदा भिजले की ते हात उलट गार करतात. लोकर ओली झाली तरी ऊब धरते, हे भर पावसात घोंगडी पांघरणाऱ्या धनगराला कोणी शिकवावं लागलं नाही. अटलांटिक किनाऱ्यावरचे मच्छीमार तर लोकरी मोजे मुद्दाम मोठे विणत, समुद्राच्या पाण्यात आटवत आणि ओलेच घालून काम करत.

घट्ट मोजे घेऊ नका. ऊब कापडात नसते, त्यात अडकलेल्या हवेत असते. आवळलेल्या मोज्यात हवा उरत नाही आणि रक्तही अडतं. चार बोटं एकाच पिशवीत असलेला मोजा सर्वांत उबदार, कारण बोटं एकमेकांना तापवतात, पण त्याने दुर्बीण हाताळता येत नाही. मोबाइलवर चालणाऱ्या मोज्यांच्या टोकाला वीजवाहक धागा विणलेला असतो, म्हणून पडदा त्यांना ओळखतो. रंग मातकट असावा. दुर्बीण धरलेले हात हीच आपली सर्वांत जास्त हलणारी गोष्ट, आणि पांढरे मोजे वाळूवरून लांबूनही चमकतात.

हातमोज्यांच्या बाबतीत आपला पालघर जिल्हा तसा मागे नाही. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनागणिक मोजा बदलतो. तारापूरच्या अणुइंधन कारखान्यात तर प्लुटोनियम मिसळलेलं इंधन बंद पेट्यांत हाताळलं जातं. त्या पेट्यांच्या भिंतीलाच रबरी हातमोजे बसवलेले असतात. पेटीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात. चुकून फट पडलीच तर हवा आत जाते, आतलं बाहेर येत नाही. म्हणजे तिथे माणूस मोज्यात हात घालायला पेटीपाशी जातो!

कडाक्याच्या थंडीत हातमोज्यांची परीक्षा घ्यायची असेल तर निफाडला जा. हिवाळ्यात राज्यातल्या सर्वांत कमी तापमानाच्या बातम्या वारंवार तिथूनच येतात, आणि त्याच तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे, २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. बदकांचे थवे बघत तिथे पहाटे उभं राहिलं की जाड मोज्यांचं मोल पटतं.

दातिवऱ्याला एक पातळ लोकरी जोडी पुरते. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ मात्र नक्की बघा, कारण पूर्ण भरतीला वाळू बुडते आणि पाखरं पांगतात. पाणी उतरू लागल्यावर पहिले दोन तास सर्वांत चांगले. फेब्रुवारी सरता सरता मोजे खिशातच राहू लागतात. मग कुरवांची डोकी नीट बघा. हिवाळाभर कानापाशी नुसता एक काळपट ठिपका होता, तिथे आता विणीची गडद टोपी चढू लागलेली दिसेल.