सहा छिद्रांच्या पाव्यावर आजची गाणी

कार्तिकी एकादशीला जळगावात निघणारा श्रीरामाचा रथ असो, चैत्री पौर्णिमेला धुळ्यात पांझरेच्या काठी भरणारी एकवीरादेवीची यात्रा असो, की वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा असो. खानदेशातील मोठ्या यात्रेत बासऱ्या विकणारा एखादा फेरीवाला हमखास दिसतो. खांद्यावरच्या काठीला बासऱ्यांचा झुपका आणि ओठांवरच्या बासरीतून चित्रपटातले ताजे गाणे. मुले हट्ट धरतात, पालक पैसे मोजतात आणि घरी आल्यावर त्याच नळीतून कर्कश शिटीखेरीज काहीही निघत नाही. आठ दिवसांत बासरी खुंटीला लागते आणि ‘आपल्या मुलाच्या अंगात ही कला नाही’ असा निकाल घरातच लावला जातो.

हा निकाल घाईचा असतो. फेरीवाल्याच्या हातात कोणतीही जादू नसते. सहा छिद्रांचा हिशेब त्याच्या बोटांना पाठ झालेला असतो एवढेच. हा हिशेब अवघड नाही. तो समजला, तर मोबाइलवर दिवसभर वाजणारी गाणीही या साध्या नळीवर उतरवता येतात. मात्र त्यासाठी गाण्याला नळीच्या मापाने बेतून घ्यावे लागते. नळी गाण्याच्या मापाने ताणता येत नाही.

उभा पावा, आडवी बासरी

यात्रेत मिळणाऱ्या बासऱ्या दोन प्रकारच्या असतात. आडव्या बासरीत फुंकरीचे छिद्र नळीच्या अंगावर असते आणि ओठांनी फुंक नेमकी त्याच्या कडेवर मारावी लागते. हे साधायलाच नवशिक्याला काही आठवडे लागतात. उभ्या बासरीच्या तोंडाशी छोटी गुल्ली बसवलेली असते. तिच्या फटीतून हवा आपोआप खाचेच्या धारेवर जाते, त्यामुळे पहिल्याच फुंकरीला सूर निघतो. मराठीत पावा आणि अलगूज ही नावे अशा वाद्यांना लागली. पाश्चात्त्य देशांत याच जातीचे ‘टिन व्हिसल’ हे वाद्य लोकप्रिय आहे. इंग्लंडच्या सफोक परगण्यातील रॉबर्ट क्लार्क याने १८४३ मध्ये पत्र्याचे असे पावे तयार करण्यास सुरुवात केली. स्वस्त असल्यामुळे ते आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत पोहोचले आणि तेथील लोकसंगीताचा कणा बनले. ‘टायटॅनिक’ (१९९७) या चित्रपटाच्या गाजलेल्या गीताच्या आरंभी जी व्याकूळ धून येते, ती याच कुळातील वाद्याची आहे.

खानदेशालाही फुंकवाद्यांचे वावडे नाही. साक्री, नवापूर या भागांतील आदिवासी समाजाची पावरी प्रसिद्ध आहे. भोपळा आणि बांबूच्या नळ्यांपासून बनणारे हे तारप्याच्या जातीचे वाद्य. त्याची रचना पाव्याहून वेगळी असली, तरी फुंकरीवर नाचगाणे उभे करण्याची रीत या मुलखाला जुनी आहे, याची साक्ष त्यातून मिळते.

‘सा’ कुठे ठेवायचा?

सहाही छिद्रे बंद करून हलकी फुंक दिली की नळीतला सर्वांत खालचा सूर निघतो. खालच्या टोकाकडून एकेक बोट उचलत गेले की सूर चढत जातो आणि सात स्वरांचे एक सप्तक पुरे होते. बोटे तशीच ठेवून फुंक किंचित जोराने दिली की तोच सूर वरच्या सप्तकात निघतो, कारण दोन्ही टोकांनी मोकळी असलेली नळी दुप्पट कंपनसंख्येवर उडी घेते. अशा रीतीने लहानशा नळीतून सुमारे दोन सप्तके मिळतात.

नवशिक्याची पहिली चूक येथे होते. सर्वांत खालचा सूर म्हणजेच ‘सा’, असे तो गृहीत धरतो. टिन व्हिसलच्या प्राथमिक पुस्तकांतही तसेच शिकवतात. परंतु आपली बहुतेक चित्रपटगीते षड्जाच्या खाली मंद्र पंचमापर्यंत उतरतात. ‘सा’ तळाशीच असेल, तर गाणे खाली जाऊ लागताच नळी संपते. हिंदुस्थानी बासरीवादनात यावरचा तोडगा आधीच सापडलेला आहे. तेथे वरची तीन छिद्रे बंद केली की ‘सा’ मानतात. मग सहाही बंद असताना मंद्र पंचम मिळतो आणि वर तार गंधारापर्यंत निर्धोकपणे जाता येते. एवढ्या अवकाशात बहुसंख्य गाणी मावतात. टिन व्हिसललाही हीच रीत जशीच्या तशी लागू पडते. मात्र या मांडणीत सर्व छिद्रे उघडली असता तीव्र मध्यम निघतो. शुद्ध मध्यमासाठी वरचे छिद्र अर्धे झाकावे लागते. टिन व्हिसलवर पहिले छिद्र उघडे ठेवून दुसरे व तिसरे झाकले तरी काम भागते.

खरेदीतली फसगतही याच मुद्द्यावर होते. टिन व्हिसलची पट्टी सहाही छिद्रे बंद असतानाच्या सुरावरून ठरते, तर बासरीची पट्टी तीन छिद्रे बंद असतानाच्या सुरावरून. त्यामुळे ‘डी’ म्हणजे पांढरी दोनचे टिन व्हिसल आणि ‘जी’ म्हणजे पांढरी पाचची लहान बासरी यांची सुरावट एकच असते. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे अनेक जण नको त्या पट्टीची बासरी मागवतात आणि वाद्यच बेसूर असल्याचा समज करून घेतात.

कोमल स्वरांची युक्ती

आजच्या हिंदी-मराठी गाण्यांत कोमल गंधार, कोमल धैवत आणि कोमल निषाद पुष्कळ येतात. प्रत्येक वेळी छिद्र अर्धे झाकत बसले, तर नवशिक्या तिथेच थकतो. त्यावर जुन्या संगीतशास्त्रातील मूर्च्छनेचे तत्त्व उपयोगी पडते. नळी तीच, बोटेही तीच. फक्त ‘सा’ची जागा बदलायची. सर्वांत वरचे एकच छिद्र बंद असतानाच्या सुराला ‘सा’ मानले, तर ओळीने आसावरी थाटाचे स्वर मिळतात. त्यात गंधार, धैवत आणि निषाद हे तिन्ही कोमल आपोआप येतात आणि खाली उतरायला मंद्र कोमल गंधारापर्यंत जागाही उरते. वरची दोन छिद्रे बंद असताना ‘सा’ धरला, तर केवळ कोमल निषाद असलेले खमाज थाटाचे स्वर हाती येतात. वरची पाच बंद आणि तळाचे एक उघडे असताना ‘सा’ धरला, तर काफी थाट मिळतो, मात्र त्यात षड्जाखाली फारशी जागा राहत नाही.

म्हणजेच गाणे ऐकल्यावर पहिला प्रश्न ‘बोटे कशी ठेवायची’ हा नसावा. ‘या गाण्याचा सा कुठे ठेवायचा’ हा असावा. गाण्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर गुणगुणून पाहावा, कोमल स्वर कोणते आहेत ते ओळखावे आणि मग जागा ठरवावी. हा निर्णय बरोबर ठरला की गाणे निम्मे बसलेच म्हणून समजावे.

काय ठेवायचे, काय सोडायचे

पाव्याला शब्द उच्चारता येत नाहीत. नव्या गाण्यांत कित्येकदा एकाच सुरावर शब्दांची दाटी असते आणि सारी गंमत ठेक्यात असते. ती ओळ जशीच्या तशी वाजवली, तर एकच सूर कंटाळवाणेपणाने टोचत राहतो. अशा ठिकाणी जिभेने हलकेच ‘तू तू’ असे आघात देऊन ठेका दाखवावा आणि पुनरावृत्ती निम्म्याने कमी करावी. उलटपक्षी, जुन्या गाण्यांतील मींड आणि हरकती बोट हळूहळू सरकवल्याखेरीज निघत नाहीत. सुरुवातीला त्या सोडून केवळ चालीचा सांगाडा पक्का करणे शहाणपणाचे ठरते. लता मंगेशकर यांचे आजोळ शिरपूर तालुक्यातील थाळनेर. त्यांच्या गाण्यांवर येथील रसिकांचा जीव असणे स्वाभाविक आहे. पण त्यांच्या गळ्यातले बारकावे पहिल्याच महिन्यात पाव्यावर आणू पाहणे म्हणजे निराशेला आमंत्रण देणे होय.

नवशिक्यासाठी अधिक सोयीची शाळा खानदेशात घरीच आहे. आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या यांचा विस्तार बहुधा पाच-सहा स्वरांपुरता असतो. ‘हाई झुमकावाली पोर’सारख्या अहिराणी गाण्यांनी अलीकडे खानदेशाच्या सीमा ओलांडल्या, त्यांतही चाल आटोपशीर आणि ठेका ठसठशीत असतो. एकाच सप्तकात खेळणाऱ्या अशा चालींवर बोटे पक्की झाली की मग चित्रपटगीतांकडे वळावे.

जळगावचा उन्हाळा आणि नळीचा सूर

खानदेशातील वादकाला आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते, ती म्हणजे हवामान. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तर कडाक्याच्या थंडीत तो १० अंशांपर्यंत उतरतो. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. १० अंशांना तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर असतो, तर ४५ अंशांना सुमारे ३५८ मीटर. हा फरक सहा टक्क्यांचा, म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराएवढा आहे. उच्छ्वासामुळे नळीतली हवा मुळातच कोमट असल्याने प्रत्यक्षातला फरक याहून कमी पडतो. तरीही हिवाळ्यात ध्वनिमुद्रित साथीशी तंतोतंत जुळणारा पावा लग्नसराईच्या दुपारी चढा वाजू लागतो. पेटीवादक पट्टी बदलू शकतो, पाव्याला ती सोय नाही. मोबाइलमधील साथीची पट्टी थोडी सरकवणे किंवा फुंक किंचित हलकी ठेवणे, एवढेच उपाय हाती उरतात.

कोरड्या उन्हाळ्यात बांबूला चीरही जाते. उत्तर प्रदेशातील पिलिभीत हे देशातले बासऱ्यांचे मोठे केंद्र. तेथे आसामातील बांबू वापरला जातो. दमट मुलखातला हा बांबू खानदेशच्या झळांत टिकवायचा, तर अधूनमधून आतून-बाहेरून तेलाचे बोट फिरवावे लागते आणि बासरी कापडात गुंडाळून सावलीत ठेवावी लागते. हौशी मंडळींना दुसराही मार्ग मोकळा आहे. ठिबक सिंचन आणि प्लास्टिकच्या पाइपांसाठी जळगावचे नाव देशभर आहे. अर्धा इंची पीव्हीसी पाइपला मोजून-मापून सहा छिद्रे पाडून सुरेल बासरी करण्याचा प्रयोग जगभर हौशी लोक करतात. तिला चीर जात नाही. फक्त उन्हात तापलेल्या गाडीत ती ठेवू नये, कारण उष्णतेने पाइप मऊ पडून वाकतो.

फुंकर राहील का?

शास्त्रीय संगीताच्या काही जाणकारांना चित्रपटगीतांनी हात बिघडेल अशी भीती वाटते. ती इतिहासाला धरून नाही. बासरीला मैफलीत मानाचे स्थान मिळवून देणारे पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी चित्रपटसृष्टीतही काम केले. हरिप्रसाद चौरसिया यांनी शिवकुमार शर्मांच्या साथीने ‘सिलसिला’ (१९८१) आणि ‘चांदनी’ (१९८९) यांचे संगीत दिले. लोकप्रिय गाण्याने त्यांची बासरी उणावली नाही, उलट ती घरोघरी पोहोचली.

खरा धोका वेगळाच आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतील लग्नांत आता पावरीचा आवाज बऱ्याचदा की-बोर्डच्या पट्टीतून निघतो. तो ऐकून पाय थिरकतात, मंडपही दणाणतो. पण त्या आवाजामागे कोणाचाही श्वास नसतो. पावरी फुंकणाऱ्याला दम घ्यावा लागे, म्हणून गाण्यालाही दम घ्यावा लागे. यंत्राला ती गरज नाही. वाद्य एकदा वाजेनासे झाले की ते बनवणारा हातही थांबतो आणि पुढच्या पिढीला ते केवळ संग्रहालयाच्या कपाटात भेटते.

फुंकवाद्ये आदराने जपली जात नाहीत, ती वाजवल्यानेच टिकतात. आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला जे वाजवावेसे वाटते, ते बहुधा आजचे गाणे असते. त्याला रागदारीची सक्ती करण्याआधी त्याच्या आवडीच्या गाण्याचा ‘सा’ शोधून द्यावा. थोड्या दिवसांत मुखडा ओळखू येण्याइतका वाजला, तर तो मुलगा पुढचे कडवे कोणी न सांगता शोधू लागेल. खानदेशच्या फुंकरीची परंपरा पुढे न्यायला एवढी सुरुवात पुरेशी आहे.